भाऊबीजेचा फ्रायर आणि सेलूतलं तळण

पत्र : आमचं सहा जणांचं घर आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. पुण्याचा भाऊ यंदा भाऊबीजेला इलेक्ट्रिक डीप फ्रायर घेऊन देतो म्हणतोय. वहिनीकडे तसाच आहे, मुलांना ती त्यात फ्रेंच फ्राइज तळून देते आणि ते खरंच छान होतात. 2000 वॅटचा आहे, जाळी आणि झाकण आहे. तेल वरच्या खुणेपर्यंत साडेतीन लिटर मावतं, कमीत कमी अडीच लिटर घालावंच लागतं. आमचे हे म्हणतात, घरात दोन कढया असताना हे कशाला? पण परवाच्या महालक्ष्म्यांत वडे तळताना तेल जास्त तापलं, घरभर धूर झाला आणि घाईघाईनं सांडशीनं कढई उतरवताना सासूबाईंच्या पायावर तेल सांडलं. तेव्हापासून मी तळणाची धास्तीच घेतली आहे. शिवाय दिवाळीला ओळखीची चार घरं फराळाची ऑर्डर देऊ म्हणतात, त्याला फ्रायर उपयोगी पडेल का? आणि तळून उरलेल्या तेलाचं करायचं काय, हा प्रश्न दर वेळी असतोच. सासरे म्हणतात, गाईच्या आंबोणात घाला. भावाला आठवड्याभरात कळवायचं आहे.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

ताई,

आधी सासूबाईंचा पाय. जखम अजून ओली असेल, भोवतीची कातडी लाल होऊन दुखत असेल किंवा त्यांना शुगर असेल, तर घरच्या उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की तेलानं भाजलं की पहिली 20 मिनिटं तो भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काहीही लावायचं नाही.

आता फ्रायर. माझं मत विचाराल तर भावाला 'नको' म्हणून कळवा. तुमच्या घरात जे तळलं जातं त्यातलं बरंचसं या यंत्रात नीट होत नाही. जे होतं ते इतक्या अंतरानं होतं की आतलं तेल कारणी लागण्याआधीच खराब होईल. पण तुम्ही घेतलेली धास्ती खरी आहे, आणि त्या एका बाबतीत फ्रायर कढईपेक्षा सरस आहे. म्हणून नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, कढईवरचं तळण निर्धास्त कसं होईल तेही सांगायला हवं.

आपल्याकडच्या वर्षभराच्या तळणावर एकदा नजर टाका. आखाड लागला की कापण्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. महालक्ष्म्यांना फुलोऱ्याच्या करंज्या आणि पापड्या, नैवेद्याचे वडे, भजी. दिवाळीत शेव, चकल्या, अनारसे, शंकरपाळे. पाहुणे आले की पुन्हा पुऱ्या, सोबत उन्हाळ्यात करून ठेवलेल्या कुरडया, भातवड्या, पापड. यातलं बहुतेक सगळं पसरट, उघड्या तोंडाच्या कढईत तळण्यासारखं. फ्रायरची घडण वेगळी आहे. खोल डबा, त्यात तारेची जाळी, वर झाकण. बटाट्याचे काप, ब्रेडक्रम्स लावलेले कटलेट, चिकनचे तुकडे असे सुट्टे आणि वरून कोरडे पदार्थ एकदम बुडवायचे आणि एकदम उचलायचे, यासाठी तो बनलेला आहे.

पुरीचंच बघा. पुरी तेलात सोडली की आधी खाली जाते, मग बुडबुड्यांसकट वर येते. नेमकं तेव्हाच आपण तिला झाऱ्यानं अलगद दाबतो किंवा वरून तेल उडवतो. त्यानं वरचा पापुद्रा लगेच शिजून घट्ट होतो, आत कोंडलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पुरी टम्म फुगते. हे करायला झारा आडवा फिरला पाहिजे. फ्रायरच्या जाळीत पुरी वर आली की काठाला टेकते, झारा तिरका धरावा लागतो आणि एका वेळी एक, फार तर दोन पुऱ्या निघतात. सहा माणसांची पंगत बसलेली असताना तेवढ्यानं निभत नाही.

कुरडईचं त्याहून अवघड. कडकडीत तेलात पडली की ती दोन-तीन सेकंदांत चहूकडून उमलते. उमलताना कडा जाळीला अडल्या की तेवढा भाग न फुलता तसाच राहतो, आणि कुरडई मध्ये पांढरीशुभ्र कुरकुरीत, कडेला तारेसारखी कडक निघते. भज्यांची अडचण वेगळी. ओलं पीठ जाळीवर पडलं की तारांभोवतीच शिजून बसतं. जाळी आधी तेलात पूर्ण बुडवून ठेवली आणि पीठ तेलालगत हात नेऊन सोडलं तर थोडंफार जमतं, पण शेवटी जाळी काढून ठेवूनच तळावं लागतं. शेवेला सोऱ्या गोल फिरवायला रुंद तोंड लागतं. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, मंद आचेवर, वरून तूप सोडत तळायचा असतो. त्यासाठी अडीच लिटर तूप कोण ओतणार?

याच फ्रायरमध्ये शंकरपाळे मात्र सुरेख होतात, हेही सांगितलं पाहिजे. जाळीभर शंकरपाळे एकदम बुडतात, एकदम वर येतात, सगळ्यांचा रंग सारखा. कढईत पहिले काढेपर्यंत शेवटचे लाल होतात, ती धावपळ इथे नाही. समोसे आणि कचोऱ्या कमी आचेवर दहा-पंधरा मिनिटं तळायच्या असतात, तिथेही यंत्र चांगलं, कारण बटण 160 वर ठेवलं की तेल त्याच आसपास राहतं. करंजी फुटून सारण तेलात सांडलं तरी चांगल्या बनावटीच्या फ्रायरमध्ये फार बिघडत नाही. त्याची तापणारी कॉइल तेलातच, तळापासून थोडी वर असते. तिच्या खालचं तेल तुलनेनं थंड राहतं, सांडलेलं सारण तिथे जाऊन बसतं आणि जळत नाही. कढईचा तळ थेट जाळावर असल्यामुळे तेच सारण काळं पडतं आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला चिकटतं.

म्हणजे आच सांभाळणं हा या यंत्राचा खरा गुण. तो किती मोलाचा आहे हे कळायला तळताना काय होतं ते बघावं लागेल. पदार्थ तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर येत राहते, आपल्याला दिसतात ते बुडबुडे तिचेच. वाफ बाहेर येते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाव नसते. पदार्थ बाहेर काढल्यावर तो निवायला लागतो, आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, जागा पोकळ होते आणि अंगाला लागलेलं तेल आत ओढलं जातं. तेलकटपणा येतो तो बराचसा या वेळी. म्हणून झाऱ्यावर घेतल्या घेतल्या कढईच्या काठाशी दोन-तीनदा झटकून निथळवायचं आणि ताटात ढीग न करता जाळीवर मोकळं पसरायचं. एवढं केलं तरी फरक लगेच जाणवतो. दुसरं, तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पदार्थाला कवच धरायला वेळ लागतो, तो जास्त वेळ तेलात राहतो आणि जास्त तेल पितो. पुरीला 180 ते 190 अंश सेल्सिअस, भजी-वड्यांना 170 ते 180, करंजी, शंकरपाळे आणि चकलीला 150 ते 165 असा साधारण अंदाज धरा.

फ्रायरवर हे आकडे बटणावरच असतात. पण बटणावर 180 लिहिलं म्हणून तेल 180 ला राहीलच असं नाही, आणि हे दुकानदार सांगत नाही. गार पीठ पडलं की तेल उतरतं, ते पुन्हा वर आणायला यंत्रात जोर लागतो. विजेच्या कॉइलचा जोर व्होल्टेजच्या, म्हणजे विजेच्या दाबाच्या, वर्गाच्या हिशेबानं कमी होतो, म्हणजे दाब थोडा उतरला तरी जोर बराच उतरतो. 230 व्होल्टला 2000 वॅट देणारा फ्रायर 180 व्होल्टला जेमतेम सव्वाबाराशे वॅट देतो. सणाच्या संध्याकाळी तुमच्या गल्लीत दाब किती उतरतो ते तुम्हालाच ठाऊक. ट्यूबलाइट लुकलुकत असेल, पंखा मंद फिरत असेल, त्या वेळी फ्रायरचा दुसरा-तिसरा घाणा तेलकट निघणार. वहिनीच्या पुण्यातल्या घरी जे जमतं ते सेलूत दिवाळीच्या आदल्या रात्री तसंच जमेल असं धरू नका. गॅसची आच तेवढी तरी आपल्या हातात असते. शिवाय 2000 वॅटला नऊ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर हे यंत्र लावायचंच नाही. त्याला 16 अँपिअरचा पॉवर प्लग, जाड वायर आणि नीट अर्थिंग हवं, एक्स्टेंशन बोर्ड नको. घरच्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही, म्हणजे घाणा तेलात असताना वीज गेली तर तो तसाच काढावा लागेल.

हे सगळं एकवेळ सांभाळून घेता येईल. माझा खरा अडसर तेलाचा आहे.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणजे एनआयएन. तिच्या 2024 च्या आहार मार्गदर्शनात एका माणसाच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे तुमच्या सहा जणांचं दिवसाचं तेल 180 मिलीच्या आतबाहेर, महिन्याचं सव्वापाच लिटर. फ्रायरला कमीत कमी अडीच लिटर लागणार, म्हणजे घरातलं निम्म्या महिन्याचं तेल मुलांनी मागितलेल्या बशीभर फ्राइजसाठी एका भांड्यात ओतायचं. त्याच संस्थेचा सल्ला आहे की एकदा तळलेलं तेल गाळून भाजी-आमटीच्या फोडणीला वापरावं, एक-दोन दिवसांत संपवावं आणि त्यात पुन्हा तळू नये. कढईत अर्धा लिटर तेल घेऊन वडे तळले तर तीन-साडेतीनशे मिली उरेल, आणि तुमच्या घराला दोन दिवसांच्या फोडण्यांना बरोबर तेवढंच लागतं. फ्रायरमधलं उरलेलं सव्वादोन लिटर संपवायला बारा-तेरा दिवस लागतील. इतके दिवस कुणी ते फोडणीला वापरत नाही. ते यंत्रातच राहतं, झाकण लावलेलं, आणि पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तापतं.

पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात काय होतं ते डोळ्यांना दिसतं. रंग गडद होतो, तेल घट्ट धार धरतं, पदार्थ टाकला की पांढरट फेस येतो आणि लवकर बसत नाही, पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर निघायला लागतो. कढईच्या काठाला जो पिवळट चिकट थर बसतो आणि घासून घासून निघत नाही, तेही तुटून पुन्हा जुळलेलं तेलच. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, 1 जुलै 2018 पासून नियम केला आहे की तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं. ते मोजायचं मीटर आपल्या स्वयंपाकघरात नसतं. आपल्याला दिसतो तो फेस आणि धूर, आणि तो दिसेपर्यंत तेलाचं बरंच काही बिघडून गेलेलं असतं.

यात आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट आहे. परभणीकडे करडईच्या तेलाची सवय जुनी. ज्वारीच्या रानाला कडेनं करडईचे काटेरी तास असायचे, जनावरं आत शिरत नसत आणि घरचं तेलही होई. 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण आपल्याच कृषी विद्यापीठाचा. फोडणीला, भाकरीवर, चटणीवर घ्यायला मला करडईसारखं तेल दुसरं वाटत नाही. पण तिच्या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं, आणि हे आम्ल उष्णतेत लवकर बिघडतं. एका तळणाला ते चालेल, पण आठवडाभर यंत्रात ठेवून पुन्हा पुन्हा तापवायला ते सगळ्यात नाजूक. सोयाबीनचं तेल त्यापेक्षा थोडं टिकतं, पण दोन-तीन तळणांनी त्याला वास मारतो. घरच्या तळणाला शेंगदाण्याचं तेल बरं, त्यातलं लिनोलिक करडईच्या निम्म्याहूनही कमी असतं. लाकडी घाण्याचं वापरत असाल तर त्याला धूर लवकर सुटतो हे लक्षात ठेवा, पुऱ्या-कुरडयांच्या कडक आचेला रिफाइन्ड घ्या. फ्रायर घेतला तर हा सगळा विचार अडीच-अडीच लिटरच्या हिशेबानं करावा लागेल.

आता तुमची धास्ती. फ्रायरमध्ये तेल ठरलेल्या आचेच्या फारसं वर जात नाही, म्हणून दाराची बेल वाजली आणि तुम्ही उघडायला गेलात तरी घरात धूर होत नाही. कढईतलं तेल मात्र गॅस चालू असेपर्यंत तापतच राहतं. आधी धूर, आणि तरीही कुणी पाहिलं नाही तर आग. घरात आजीच्या वयाचं माणूस एकटं तळत असेल, विसरायला होत असेल, तर एवढ्या एका कारणासाठी फ्रायर घेतला तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तुमच्याकडे ते तळण तुमच्या हातचं आहे. जे घडलं ते दोन पायऱ्यांत घडलं. तेल जास्त तापलं हे समजलं नाही, आणि समजल्यावर भरली कढई उचलली. या दोन्ही गोष्टींना कमी पैशांत आळा बसतो.

पहिल्यासाठी तेलात बुडवायचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. 200 अंशांच्या वरपर्यंत मोजणारा हवा, ताप बघायचा चालणार नाही. तेल 180 ला आलं की आच कमी करायची, घाणा टाकला की वाढवायची. काही तळणं असं झालं की बुडबुडे बघूनच हाताला अंदाज येतो. दुसऱ्यासाठी एकच नियम घरात पक्का करा, तापलेल्या तेलाची कढई कुणीही, कशासाठीही हलवायची नाही. धूर दिसला की गॅस बंद, कढई जिथे आहे तिथेच. पेट घेतलाच तर गॅस बंद करून मोठं सपाट झाकण किंवा परात बाजूनं सरकवत कढईवर ठेवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत काढायची नाही. पाणी अजिबात टाकायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं खाली जातं, क्षणात त्याची वाफ होऊन सोळाशे-सतराशे पट फुगते आणि जळतं तेल छतापर्यंत उडवते. म्हणून तळायला बसण्याआधीच परात हाताशी काढून ठेवा.

आणि फ्रायरलाही त्याचे धोके आहेतच. अडीच-तीन लिटर तेल बंद केल्यावरही तासाहून जास्त वेळ गरम राहतं, ओट्यावरून लोंबणारी वायर मुलाच्या हाताला किंवा कुणाच्या पायाला अडकली तर कढईपेक्षा कितीतरी जास्त तेल खाली येईल. दोन मुलांच्या घरात हे विसरून चालणार नाही.

फराळाच्या ऑर्डरीचं म्हणाल तर हुरूप धरा, ऑर्डर जरूर घ्या. पण पहिल्या वर्षी चार घरांसाठी यंत्र नको. चकली, शेव आणि अनारशांना तुम्हाला कढईच लागणार. चिवड्याचे पोहे जाळीच्या छिद्रांतून सांडतात, ते तारेच्या बारीक गाळणीत घेऊन कढईतच बुडवावे लागतात. राहिले शंकरपाळे आणि करंज्या. तळण सलग दोन दिवसांत उरका म्हणजे तेलही सलग वापरलं जाईल. कमी झालेलं तेल ताज्यानं भरत राहायचं, दुसऱ्या दिवसअखेर उरलेलं संपलं असं समजायचं आणि त्याची किंमत फराळाच्या भावात धरायची. घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या बऱ्याच जणी ही किंमत धरत नाहीत आणि मग तेच तेल पुढच्या घाण्यांना ओढतात. तुम्ही तसं करू नका, तुमच्या फराळाची चव आणि लोकांचा विश्वास दोन्ही त्यातच आहे. विकायचं ठरलं की एफएसएसएआयची नोंदणीही करून घ्या.

पुढे दर आठवड्याला समोसे-कचोऱ्यांची मागणी आली तर फ्रायरचा विचार पुन्हा करा, पण वहिनीकडचा नको. हॉटेलची भांडी विकणाऱ्या दुकानांत स्टीलचे उघडे फ्रायर मिळतात. तोंड रुंद, कॉइल उचलून बाजूला काढता येणारी आणि तेल सोडायला खाली नळ असलेला बघा. नळ नसेल तर तीन लिटर तेल उपसून भांडं घासणं हेच रोजचं मोठं काम होऊन बसतं, आणि घरोघरचे फ्रायर माळ्यावर जातात ते बहुतेक याच कारणानं.

एअर फ्रायरचं नाव निघेलच, तर एवढंच. तो गरम हवेचा छोटा ओव्हन आहे. फ्रोझन फ्राइज, कालची कचोरी यांना चांगला. पुरी, भजी, कुरडई त्यात होत नाहीत.

भावाला नाही म्हणताना त्याला वाईट वाटू नये असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. मग त्याला दुसरं काही सांगा. तुमचे यजमान नको म्हणतात ते मला पटतं, पण घरात दोन कढया आहेत हे त्यांचं कारण पटत नाही. त्यातलीच एक सांडशीनं धरावी लागते आणि तिनंच घात केला. भावाकडून जाड बुडाच्या स्टीलची, सपाट तळाची, दोन्ही बाजूंना पक्के कान असलेली दहा-अकरा इंची कढई मागा. शेगडीवर डुलणार नाही, सहा माणसांच्या पुऱ्यांना अर्धा-पाऊण लिटर तेल पुरेल. सोबत थर्मामीटर. आणि त्याचा हात मोकळा असेल तर स्वयंपाकघरात चांगला एक्झॉस्ट फॅन बसवून मागा, तो रोज उपयोगी पडेल. जुनी कढई पितळी असेल आणि कल्हई गेली असेल तर ती तळणाला वापरूच नका, उघड्या तांब्या-पितळेच्या स्पर्शानं तेल लवकर खराब होतं.

राहिलं उरलेलं तेल. पूर्ण गार झाल्यावर पातळ सुती फडक्यातून गाळा, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी ठेवा आणि दोन दिवसांच्या भाज्या-आमटीला संपवा. मासे किंवा मटण तळलेलं तेल वेगळं ठेवा. फेसाळलेलं, काळपट तेल मात्र पोटात जाऊ देऊ नका, आणि सासऱ्यांना आदरानं सांगा की गाईच्या आंबोणातही ते नको, आपल्याला जे नको ते तिलाही नको. मोरीत ओतलं तर पाइपात चिकटून बसतं. भुसा, राख किंवा जुन्या वर्तमानपत्रात मुरवून कचऱ्याच्या गाडीत द्या. करडईचं असेल तर थोडं बाजूला काढून विळे-खुरप्यांच्या पात्यांवर फडक्यानं पातळ फिरवा, ते वाळून त्याचा थर धरतो आणि पावसाळ्यात गंज कमी चढतो. बिजागऱ्यांना मात्र लावू नका, तिथे ते चिकट होऊन दारं अडतात.